बुडीत खात्यातली पाखरे

निफाडचा पारा उतरल्याची बातमी दरवर्षी डिसेंबरात वर्तमानपत्रात येते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा दुसऱ्या दिवशी सगळा महाराष्ट्र चहाबरोबर वाचतो आणि अंगावरची शाल जरा घट्ट ओढून घेतो. बातमीच्या शेवटी एक ओळ ठरलेली असते: द्राक्षाच्या मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून बागायतदार बागेत शेकोट्या पेटवीत आहेत. मी ही बातमी इतरांपेक्षा जरा जास्त लक्ष देऊन वाचतो. १९८७ ते १९९० अशी तीन वर्षे मी त्या तालुक्यात एका बँकेच्या शाखेत शेतीकर्जाचा अधिकारी होतो. त्या शेकोट्यांचा धूर माझ्या स्वेटरला लागलेला आहे.

याच थंडीबरोबर तालुक्यात पाहुणे उतरतात. हजारो मैलांवरून येतात, चार महिने राहतात आणि उन्हे तापू लागली की निघून जातात. त्या तीन वर्षांत मी ते कधी धडपणे पाहिले नाहीत. नांदूर मध्यमेश्वरचे धरण माझ्या शाखेपासून मोटरसायकलने अर्ध्या तासावर. त्या रस्त्याने मी शंभर वेळा तरी गेलो असेन. पण वसुलीला निघालेल्या माणसाची नजर आकाशाकडे नसते. ती विहिरीवरच्या पंपाकडे, गोठ्यातल्या बैलांकडे आणि घरधनी सापडलाच तर त्याच्या चेहऱ्याकडे असते.

गेल्या जानेवारीत नात पुण्याहून आली. वय वर्षे नऊ. शाळेने 'स्थलांतरित पक्षी' असा प्रकल्प दिला होता. "आजोबा, मोबाइलवर सगळं आहे, पण टीचर म्हणाल्या, स्वतः बघून लिहा." या टीचरबाईंविषयी माझे मत तत्काळ चांगले झाले. पहाटे पाचला मी, सौ. आणि नात असे तिघे नाशिकहून निघालो. चांदोरी, सायखेडा करीत चापडगावला पोचलो तेव्हा नुकते फटफटत होते आणि धुके इतके, की रस्त्याकडेचा ऊस अंगावर चाल करून येतो आहे असे वाटावे.

अभयारण्याच्या फाटकाशी तिकीट काढले. ते कितीचे होते हे आज मला आठवत नाही. जन्मभर दुसऱ्याचे पैसे मोजलेल्या माणसाला रक्कम आठवत नाही, याचा अर्थ ती आठवण्याजोगी नव्हती. या मुद्द्याकडे मी पुढे येणार आहे.

गाईड म्हणून गावातलाच एक पंचविशीचा मुलगा बरोबर आला. गळ्यात दुर्बीण, खांद्यावर तिपाईसकट दुसरी मोठी दुर्बीण, पायात चिखलाने माखलेले बूट. मनोऱ्यावर चढलो. समोर काहीच दिसेना. धुक्यातून फक्त आवाज येत होता. लग्नघरात पहाटे आचारी, पाणके आणि म्हाताऱ्या बायका एकदम बोलू लागतात तसा. मग हळूहळू पाणी उजळले आणि त्यावरचे काळे ठिपके हलू लागले.

गाईडने भराभर नावे सांगायला सुरुवात केली. नॉर्दर्न शोव्हेलर, पिनटेल, गार्गनी, कॉमन टील. नातीची पेन्सिल धावत होती. मी विचारले, "अरे, यांना गावात काय म्हणतात?" तो हसला. "गावात समदी बदकंच, बाबा. आमची आजी येगयेगळी नावं घ्यायची. आता कोण घेतं?"

आजी कोणती नावे घेत होती ते कळायला मार्ग नाही. पण मराठीला या बाबतीत गरिबी नाही. मारुती चितमपल्लींनी रानोमाळ हिंडून, आदिवासींच्या आणि कोळ्यांच्या तोंडून पाखरांची नावे गोळा केली, पक्षिकोश सिद्ध केला. वनखात्यातला हा लेखक जून २०२५ मध्ये गेला. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली होती. मनोऱ्यावर मी नातीला सांगितले, की तो शोव्हेलर म्हणजे थापट्या. गवंड्याची थापी चोचीला लावून आल्यासारखा दिसतो की नाही बघ. पिनटेल म्हणजे तलवार बदक, शेपटीचे पाते बघ. आणि ते काळे कुळकुळीत, कपाळावर पांढरा ठिपका असलेले, शेकड्यांनी तरंगणारे? त्यांना वारकरी म्हणतात.

"खरंच?" ती म्हणाली. कपाळावरचा टिळा पाहून तिची खात्री पटली. नेमका त्याच वेळी एक दलदलीतला ससाणा पाणकणसांवरून खाली झेपावला आणि ते सारे वारकरी पाण्यावरून पायांनी धावत सुटले. त्यांना थेट उडता येत नाही. आधी पाणी तुडवीत धावावे लागते. पाच-सातशे पायांनी एकदम पाणी तुडवल्याचा तो आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. सौ. म्हणाली, "वाखरीचं रिंगण." तिचे माहेर पंढरपुराकडचे आहे.

मग पश्चिमेकडून, शेतांच्या बाजूने, एक रांग आली. मोठे, राखट रंगाचे पक्षी, गळ्यातून घोगरा नाद काढीत आलेले. ते डोक्यावरून इतक्या खालून गेले की पंखांचा सुसाट ऐकू आला. पाण्यावर उतरल्यावर मोठ्या दुर्बिणीतून पाहिले: पांढरे डोके, त्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे. पट्टकदंब. इंग्रजीत बार हेडेड गूज.

या पाखराबद्दल नातीला मी घरून वाचून आलो ते सांगितले. तिबेटचे पठार, मंगोलिया, लडाखातली तळी ही त्याची वीण घालायची जागा. हिवाळ्यात खाली येताना वाटेत हिमालय आडवा येतो. पाठीवर उपग्रहाशी बोलणारी छोटी यंत्रे बांधून शास्त्रज्ञांनी त्याचा माग काढला, तेव्हा सात हजार मीटरच्याही वरून गेल्याची नोंद मिळाली. तो वाऱ्याच्या पाठबळावर विसंबत नाही. बरेचदा रात्री आणि पहाटे, हवा थंड आणि दाट असते तेव्हा, पंखांच्या जोरावर चढतो. त्याच्या रक्ताला विरळ हवेतला प्राणवायू पकडून ठेवण्याची हातोटी आहे. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९५९ पासून सलीम अलींच्या देखरेखीखाली पाखरांच्या पायात वाळे घालायला सुरुवात केली. वाळ्यावर क्रमांक आणि सोसायटीला कळवा एवढाच मजकूर. पाखरू सोडून द्यायचे आणि जगात कुठेतरी कुणी तरी कळवील म्हणून वाट पाहायची. बँकेच्या भाषेत हे विनातारण कर्ज. तरीही सैबेरियापर्यंतची उत्तरे आली.

नातीचा प्रश्न मात्र अगदी साधा होता. "आत्ता ते कुठून आले?"

"शेतातून," गाईड म्हणाला. "रातभर हरभऱ्यात चरत व्हते. उजाडलं का पाण्यावर येत्यात. दिसा झोपा काढत्यात."

मी दुर्बीण खाली ठेवली.

१९८८ सालची गोष्ट. धरणाच्या फुगवट्याला लागून असलेल्या एका गावच्या शेतकऱ्याचा अर्ज माझ्या टेबलावर आला होता. रब्बीचे पीककर्ज भरता येत नाही, त्याचे हप्ते पाडून द्यावेत. कारण: 'गहू व हरभरा पाखरांनी खाल्ला.' शाखेत अर्ज मोठ्याने वाचला गेला आणि हशा झाला. नुकसानीच्या आमच्या छापील नमुन्यात अवर्षण, अतिवृष्टी, गारपीट, कीड, रोग असे रकाने होते. पाखरे हा रकानाच नव्हता. तरी नियमाप्रमाणे मी पाहणीला गेलो. सकाळी अकरा वाजता. ऊन छान पडले होते. शेतात एक चिमणी होती. गहू खुरटा दिसत होता, हरभऱ्याचे शेंडे खुडल्यासारखे होते. शेतकरी बांधावर उभा राहून सांगत होता, "साहेब, राती येत्यात." मी मान डोलावली, आणि शाखेत येऊन शेरा लिहिला: 'प्रत्यक्ष पाहणीत पक्षी दिसून आले नाहीत. कारण पटण्याजोगे नाही.'

त्याने मार्चअखेर बैलजोडी विकून कर्ज भरले. त्या वर्षी शाखेची वसुली चांगली झाली, म्हणून मला कौतुकाचे पत्र आले. ते अजून कुठेतरी फायलीत असेल.

आणखी एक कबुली देऊन टाकतो. त्याच हिवाळ्यात एका वसुली मेळाव्यानंतर तालुक्यातल्या एका बड्या असामीच्या मळ्यावर आम्हाला जेवण होते. रश्शात काय आहे हे मला वाढण्याआधीच कळले होते. वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ चा. अभयारण्य जाहीर झाले १९८६ साली. म्हणजे मी जे खाल्ले त्याला कायद्याने दोन्हीकडून संरक्षण होते. मी दुसऱ्यांदाही वाढून घेतले. म्हणजे पाखरांनी खाल्ले ते मला दिसले नाही आणि मी पाखरे खाल्ली ती कुठल्या नोंदीत आली नाहीत. असो.

आता या पाण्याविषयी थोडे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीस इंग्रज सरकारने हा बंधारा घातला. तो मुळात पाणी साठवण्यासाठी नव्हताच, वळवण्यासाठी होता. साठवण वर दारणा धरणात, आणि तिथून नदीने आलेले पाणी इथे अडवून डाव्या-उजव्या कालव्यांनी कोपरगाव, राहात्याकडे न्यायचे. नगर जिल्ह्याचा ऊस आणि साखर कारखाने ज्या पाण्यावर उभे राहिले, त्याची एक चावी इथे आहे. पुढे शंभर वर्षे नद्यांनी सह्याद्रीकडची माती आणून इथे टाकली. पाटबंधारे खात्याच्या हिशेबाने हे नुकसान. गाळाने साठा खाल्ला, बेटे झाली, लव्हाळे आणि पाणकणीस माजले. बँकेत अशा खात्याला काय म्हणतात ते वाचकांना ठाऊक आहे.

पण बदकांच्या हिशेबाने हीच ठेव. डोके पाण्यात आणि शेपूट वर करून चरणाऱ्या बदकाला खोल धरण काय कामाचे? त्याला गुडघाभर पाणी आणि खाली मऊ गाळ लागतो. चिखलात चोच खुपसणाऱ्या तुतारी-शेकाट्यांना तर वीतभर पुरते. महाराष्ट्रात लोणारसारखा अपवाद सोडला तर मोठी नैसर्गिक सरोवरे नाहीतच. पैठणचा नाथसागर १९७६ चा, भिगवणजवळचे उजनीचे पाणी १९८० चे. आपल्याकडची पाखरांची ही मोठमोठी तीर्थक्षेत्रे पाटबंधारे खात्याने नकळत बांधलेल्या धर्मशाळा आहेत. आणि प्रत्येक धर्मशाळेच्या पायाशी कुणाची तरी जमीन आहे.

हे मनात घोळत असतानाच आम्ही परत निघालो, तर बांधावर माझ्याच वयाचा एक गृहस्थ गव्हाला पाणी भरीत होता. हातात फावडे, डोक्याला मफलर. गाईडने रामराम केला. मी ओळख करून देताना जुन्या सवयीने बँकेचा उल्लेख केला. त्याने फावडे टेकवले.

"म्हंजी तुम्ही साहेब. पाखरं बघाया आला?"

"हो. नातीला दाखवायला."

"दाखवा की. लेकरानं बघावं." मग त्याने हरभऱ्याच्या वाफ्याकडे बोट केले. कडेचे चार वाफे दाढी केल्यासारखे सपाट झाले होते. "हे त्यांनी घातलं आमच्या लेखी."

मी १९८८ च्या त्या शेतकऱ्याबद्दल विचारले. नाव सांगितले, गाव सांगितले. त्याला आठवेना. "तसे लई व्हते, साहेब. समद्यांच्याच जोड्या गेल्या, समद्यांनीच पुढं ट्रॅक्टर भाड्यानं घेतला." मला जे पाप एकट्याचे वाटत होते ते त्याच्या लेखी हवामानाइतके सर्वसाधारण होते.

मी विचारले, की पंचनामा होत नाही का? तो हसला. इथे वाचकांना एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती शहरात फारशी ठाऊक नसते. पिकाच्या नुकसानीची सवलत पैसेवारीवर ठरते. पन्नास पैशांच्या खाली पैसेवारी आली, तर वसुलीला स्थगिती, कर्जाचे रूपांतर वगैरे चक्रे फिरतात. पण पैसेवारी निघते ती सबंध गावाची. गारपीट सगळ्या गावावर पडते, दुष्काळ सगळ्या गावाला येतो. पाखरू मात्र पाण्यालगतच्या पट्ट्यात उतरते. गावाचा गहू रुपयाला ऐंशी पैसे पिकला, तर काठावरच्या दहा घरांचे वीस पैसे त्यात विरघळून जातात. हा काही कुणा अधिकाऱ्याचा दुष्टपणा नव्हे. मोजण्याची पट्टीच अशी आहे की तिच्यावर हा माणूस उमटत नाही. मी तीन वर्षे त्याच पट्टीने मोजत होतो.

अभयारण्याचे एकूण क्षेत्र शंभर चौरस किलोमीटरच्या घरात. जानेवारी २०२० मध्ये रामसरच्या यादीत त्याचे नाव जाहीर झाले, महाराष्ट्रातले पहिले. इराणात कास्पियन समुद्राकाठी रामसर नावाचे गाव आहे, तिथे १९७१ साली पाणथळ जागांसाठी जगातल्या देशांनी करार केला, त्याची ही यादी. तिच्यात या जागेचे क्षेत्र १४३७ हेक्टर, म्हणजे सुमारे चौदा चौरस किलोमीटर नोंदवले आहे. शंभरातून चौदा वजा करा. उरले ते बहुतांशी पाणी नव्हे. ती गावे आहेत, ऊस, गहू, कांदा आणि द्राक्षे आहेत. म्हणजे पाहुण्यांची ओसरी चौदा हिश्श्यांची, आणि त्यांच्या जेवणाचे ताट बाकीच्या शेतांत.

मफलरवाल्या गृहस्थाने दुसरीही गोष्ट काढली. "गाळ काढा म्हणतोय आम्ही. पूर आला का सायखेडा-चांदोरीत पाणी घुसतं." ते खरे आहे. २०१६ च्या आणि २०१९ च्या ऑगस्टमधली ती छायाचित्रे मी नाशिकला बसून पाहिली होती. बाजारपेठेत छातीएवढे पाणी, गाळ्यांची शटरे अर्धी बुडालेली. बंधारा गाळाने भरला, नदीला जायला जागा नाही, म्हणून पाणी मागे फुगते, असे वरच्या गावांचे म्हणणे. ज्या गाळावर बदक जगते, तोच गाळ पावसाळ्यात माणसाच्या घरात येतो. पक्षिमित्र म्हणतात गाळाला हात लावू नका. गावकरी म्हणतात सगळा उपसा. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक आहेत, आणि त्यामुळेच हा प्रश्न कठीण आहे. बनेल माणसे असती तर सोपे होते.

सलीम अलींनी या जागेला महाराष्ट्राचे भरतपूर म्हटल्याचे सांगतात. इथे ते वाक्य सगळ्यांना तोंडपाठ आहे. पण भरतपूरचे नाव घ्यायचे तर सगळे घ्यावे. तेही पाणी मुळात माणसाने बांध घालून अडवलेले. तिथे १९३८ साली व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४२७३ पाखरे पडली. दगडावर कोरलेला तो आकडा आजही तिथे वाचता येतो. पुढे ते राष्ट्रीय उद्यान झाले, आणि १९८२ साली आतली गुरेचराई एकदम बंद केली गेली. पिढ्यान् पिढ्या म्हशी चारणारे गावकरी चवताळले, गोळीबार झाला, माणसे मेली. आणि त्यानंतर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासात काय निघाले? म्हशी गवत खात होत्या म्हणून पाणी मोकळे राहत होते. म्हशी गेल्या आणि गवताने तळ्याचा गळा आवळला. ज्यांना पाखरांचे शत्रू समजून हाकलले, ते नकळत त्यांचे राखणदार होते. तिथला सैबेरियन क्रौंच तर २००२ नंतर आलाच नाही. त्याची कारणे वाटेतल्या देशांत पसरलेली आहेत, ती या गुराख्यांवर लादू नयेत.

माझे म्हणणे सरळ आहे. नांदूर मध्यमेश्वरची पाखरे वनखाते सांभाळत नाही, आपण तिकीट काढणारे तर नाहीच नाही. त्यांना काठावरचा शेतकरी जेवू घालतो, न विचारता आणि न सांगता. सरकारने रामसरचा फलक लावावा, त्याला माझी हरकत नाही. पण फलकाच्या आधी जेवणाचे बिल द्यावे. पाण्यालगतच्या पट्ट्यातले सर्व्हे नंबर तलाठ्याच्या वहीत आहेतच. दर जानेवारीत ग्रामपंचायतीचा एक माणूस, वनरक्षक आणि सोसायटीचा सचिव, असे तिघांनी त्या वाफ्यांवरून पहाटे फिरावे. पहाटे हा शब्द मी मुद्दाम लिहितो आहे. गावाची पैसेवारी बाजूला ठेवून त्या त्या वाफ्याचे पैसे मार्चच्या आत, म्हणजे कर्जाचा हप्ता पडण्याआधी द्यावेत. पैसा कुठून आणायचा म्हणाल, तर रविवारी या काठावर जी मोटारींची रांग लागते तिच्याकडे बघा. ज्या मंडळींच्या कॅमेऱ्याची एकेक नळी बैलजोडीच्या किमतीची असते, त्यांना तिकीट दसपट झाले तरी घाम फुटणार नाही. मीही देईन. माझ्याकडे तर मागची बाकी आहे.

गावातल्या पोरांना गाईडचे काम मिळाले आहे, ही इथली सगळ्यात चांगली गोष्ट. पण दुर्बीण एका घरात आणि खुडलेला हरभरा दुसऱ्या घरात, असे होऊ नये.

गाळाबद्दल मी अधिकाराने बोलू शकत नाही. मी अभियंता नाही. एवढेच वाटते, की 'सगळा काढा' आणि 'काहीच काढू नका' यांच्या मधे बरीच जागा आहे. गावांपाशी नदीची वाट जिथे तुंबते ती जागा आणि चापडगावपुढचे उथळ पाणी, या दोन जागा एकच आहेत का, हे आधी नकाशावर मांडावे. उपसा करायचाच झाला तर पाहुणे गेल्यावर, उन्हाळ्यात करावा. धरणातून आवर्तन सोडताना आणि जायकवाडीला पाणी देताना पातळी एका रात्रीत हातभर वर-खाली झाली तर बदकांचे ताट एक तर बुडते, नाहीतर कोरडे पडते. त्याचाही विचार त्या वेळापत्रकात व्हावा. आणि वरून नाशिक शहराचे सांडपाणी येते, त्यावर जलपर्णी पोसते, याबद्दल आम्ही नाशिककरांनी तरी गावकऱ्यांना पर्यावरणाचे धडे देऊ नयेत. २०२७ च्या सिंहस्थासाठी गोदावरी स्वच्छ करण्याच्या घोषणा चालू आहेत. रामकुंडाच्या खालीही तीच नदी वाहते, एवढे लक्षात राहिले तर पुरे.

निघताना मी त्या गृहस्थाला विचारले, "रात्री येतात ते बघायचं असेल तर?"

त्याने माझ्याकडे नीट पाहिले. "तर मुक्कामाला या. चांदण्यात या. अन् कानटोपी आणा."

मी फेब्रुवारीत, पौर्णिमेच्या आदल्या दिवशी गेलो. एकटाच. सौ.ने दोन स्वेटर आणि अमृतांजन दिले. त्याच्या खोपटासमोर शेकोटी होती; बाराच्या सुमारास त्याने ती विझवली, उजेड दिसला तर उतरत नाहीत म्हणाला. आम्ही पोते अंथरून बसलो. कादवेच्या बाजूने कुठेतरी पंप चालू होता, तो वीज गेल्यावर बंद पडला. मग इतकी शांतता झाली की पाटातले पाणी ऐकू यायला लागले.

पावणेदोनला आले. आधी तो घोगरा नाद, मग चांदण्यात राखी सावल्या. दोन घिरट्या घालून हरभऱ्याच्या मधोमध उतरले. मी मोजले, एकेचाळीस. पाच मिनिटे माना वर करून उभे राहिले आणि मग खुडायला लागले. तो आवाज स्पष्ट ऐकू येतो. बायका मेथी निवडताना येतो तसा.

मी वही काढली आणि तारीख, वेळ, संख्या लिहिली. शेरा लिहायची जागा मोकळी ठेवली.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग बाजूला ठेवलेला तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा आणि एक काठी त्याने माझ्यापुढे सरकवली. "तुम्ही वाजवा, साहेब."

मी वाजवला. दोनदा. सगळे एकदम उठले, चांदण्यातून एक वळसा घेतला आणि शेजारच्या वावरात उतरले.